निरोगी नमुना

३ जून

प्रिय आत्या,

तू फोन उचलत नाहीस हे मला मान्य आहे. तीस वर्षं टेलिफोन एक्स्चेंजमध्ये बसून लोकांची बोलणी जोडून दिलीस, आता घंटी वाजली की तुझं डोकं उठतं, हे आमच्या घरात सगळ्यांना पाठ आहे. म्हणून लिहायला बसले. अक्षराला नावं ठेवू नकोस.

एक गंमत झालीय. म्हणजे मला गंमत वाटतेय, आमच्या सरांना वाटत नाही. तीन वर्षांपूर्वी मी दादाच्या दंडाचं मसुराच्या दाण्याएवढं कातडं काढून नेलं होतं, आठवतं? तू म्हणालीस, "माझ्या लेकाला सोलायला आलीस का गं?" त्या कातड्यापासून आम्ही मेंदूच्या पेशी वाढवल्या. कातड्याच्या पेशीला उलटं चालवत पार तिच्या बाळपणात न्यायचं आणि मग नव्याने वळण लावून मेंदूची पेशी करायची, असं ते काम. आम्ही ज्या आजारामागे लागलोय तो पिढीजात आहे. आईकडून किंवा बापाकडून येतो, चाळिशीच्या आसपास डोकं वर काढतो. मग हातपाय ऐकेनासे होतात, बोलणं जड होतं, स्वभाव फिरतो. पेशीत एक प्रथिन चुकीचं तयार होतं, त्याच्या गुठळ्या होतात, आणि पेशीला स्वतःचा रोजचा कचरासुद्धा बाहेर काढता येत नाही. रुग्णांच्या पेशी एका रांगेत, निरोगी माणसांच्या दुसऱ्या रांगेत, आणि दोन्हींत फरक काय ते शोधायचं.

आजारी माणसं कातडं लगेच देतात गं, धडधाकटांना सुई दाखवली की त्यांना कामं आठवतात. म्हणून आमच्याकडे रीतच पडलीय, नव्या माणसाने घरचं कोणीतरी धरून आणायचं. मी दादाला धरला. पेशी वाढवतो त्या बशीवर फक्त आकडा लिहायचा असतो, पण आम्ही सगळे चोरून टोपणनावं ठेवतो. दादा कारखान्यात कापड कापतो, म्हणून त्याची बशी म्हणजे "कटरसाहेब"; निरोगी रांगेत तीच सगळ्यांत छान वाढते, म्हणून तुलना तिच्याशीच.

तर कटरसाहेब बिघडलेत. गुठळ्या दाखवणारा नवा रंग टाकून पाहिला, तर दुसऱ्याच आठवड्यात त्यांच्याही पेशींत त्या दिसल्या. मी कुठेतरी बशांची अदलाबदल केली असणार, सर तसं तोंडावर म्हणाले. तीन वर्षं दोन रांगांत धड फरक सापडत नाही म्हणून आम्ही डोकं आपटतोय, आणि त्यात हे. गोठवून ठेवलेल्या साठ्यातून पुन्हा वाढवायला घेतल्यात. तोवर कागद पुरे करायचे म्हणून विचारते. आतोबा नक्की कशाने गेले? वडिलांच्या रकान्यात दादाने एकच शब्द लिहिलाय, "दारू".

तुझी,
टिटवी

११ जून

टिटवे,

पत्र मिळालं. अक्षर पाहून वाटलं, कागदावरून कोंबडी पळाली. तुझे सर म्हणतात ते खरंच असणार. सहा वर्षांची असताना तू माझ्या स्वयंपाकघरात मीठ आणि साखरेच्या बरण्या बदलून ठेवल्या होत्यास. पाहुण्यांनी तो चहा कसा प्यायला ते मलाच माहीत.

अर्जात लिहिलंय ते बरोबर आहे. दारू. तुझे आतोबा म्हणजे कचेरीत नकाशे काढणारा माणूस, हातात पट्टी नसली तरी रेघ सरळ. चाळिशी गाठली आणि रेघ वाकडी व्हायला लागली. साहेबांनी एकदा समज दिली, दोनदा दिली, मग घरी बसवलं. चालताना झोकांड्या. जीभ जड. रस्त्यावरची पोरं मागून त्यांच्या चालीची नक्कल करायची आणि मी भाजीची पिशवी घेऊन खाली मान घालून चालायचे. कपबश्या किती फुटल्या त्याची गणतीच नाही. रागाला आले की हातात येईल ते फेकायचे. सहा वर्षं काढली मी तशी. चिरंजीव एकोणीस वर्षांचा झाला, कारखान्यात चिकटला, आणि मी ह्यांना घराबाहेर काढलं. पाच वर्षांनी कळलं की गेले. करायचं ते सगळं मी केलं. आता ते उकरू नकोस.

चिरंजीव मजेत आहे. अडतीस वर्षांचा घोडा, एका मुलीला हो म्हणेल तर शपथ. गणवेशाच्या कापडाचे चाळीस थर एकावर एक ठेवून एका दमात कापतो, एक थर हलत नाही. त्याच्या पेशी कशाला बिघडतील? तू तुझ्या बरण्या तपास.

आत्या

३० जून

प्रिय आत्या,

बरण्या तपासतेय. दुसऱ्यांदा वाढवलेल्या पेशी अजून लहान आहेत, त्यांच्याबद्दल आताच काही सांगता येत नाही. काळजीचं काही नाही.

फक्त सरांना सगळे रकाने भरलेले लागतात. तू उकरू नकोस म्हणालीस, तरी चारच प्रश्न. रागावू नकोस.

आतोबा प्यायलेले असायचे तेव्हा वास यायचा का? नुसते खुर्चीत बसलेले असताना त्यांचे खांदे, बोटं, पाय आपोआप हलायचे का? आणि झोप लागली की ते हलणं थांबायचं का? त्यांच्या आईला किंवा वडिलांना असं काही होतं का?

जमेल तेवढं आठवून लिही. लवकर लिहिलंस तर बरं होईल.

टिटवी

८ जुलै

टिटवे,

चार प्रश्न विचारलेस आणि एक विनोद नाही. हे तुझं नेहमीचं नव्हे. तरी उत्तरं देते.

वास कधी आला नाही. एकदाही नाही. त्याचाच तर मला जास्त संताप यायचा. एवढा बेरकी माणूस, की पिऊन येतो आणि तोंडाला वास नाही! मी खिसे उलटे केले, माळा धुंडाळला, मोरीमागे हात घालून बघितलं, बाटली कधी सापडली नाही. म्हटलं, बाहेरच रिचवून येत असतील. पुढे पुढे तर ते घराबाहेर पडेनासे झाले, तरी झोकांड्या होत्याच. तेव्हा मी शेजाऱ्यांवर संशय घेतला की हे लोक आणून देतात. एकाशी भांडलेसुद्धा.

हलायचे. बोटं तर सारखी, पेटी वाजवल्यासारखी. मी म्हणायचे, "अहो, जरा स्वस्थ बसा की." आणि हो, झोपले की अगदी शांत. मला वाटायचं, उतरली.

सासूबाईंना मी पाहिलं नाही. लग्नाआधीच गेल्या होत्या. शेवटची आठ वर्षं अंथरुणात होत्या, घास भरवावा लागायचा. संधिवात, असं सांगायचे.

झाले तुझे चार. आता माझा एक. टेलिफोनवर बसून माझी हयात गेली. बोलता बोलता माणूस गप्प झाला की पलीकडे काहीतरी घडलंय हे मला न सांगता कळतं. तू गप्प झालीयेस. काय झालंय?

येत्या सोमवारी डाव्या डोळ्याचा मोतीबिंदू काढणार आहेत. उजव्याने आधीच अंधारच दिसतो. दोन आठवडे पट्टी आणि वाचायला बंदी. तेव्हा जे लिहायचं ते लक्षात ठेवून लिही.

आत्या

१४ जुलै

आत्या,

हे पत्र एकटीने वाच. दादा घरात असेल तर तो कामावर गेल्यावर उघड. वाचून फाडून टाक.

तुझं पत्र मी प्रयोगशाळेत उभ्यानेच वाचलं. खोटं बोलले होते मी तुझ्याशी. दुसऱ्यांदा वाढवलेल्या पेशी तेव्हाच तयार होत्या. बशा बदलल्या नव्हत्या. तिसऱ्यांदा मी कुणाला हात लावू दिला नाही, सगळं स्वतः केलं. तरी तेच. शेवटी ते जनुकच तपासलं. त्यात एक छोटा तुकडा ठरावीक वेळा यायला हवा. कटरसाहेबांच्यात तो दुपटीहून जास्त वेळा येतो. आमच्या रुग्णांच्यात येतो तसाच.

आतोबा पीत नव्हते, आत्या. ते आजारी होते. वास न येणं, बसल्या जागी हलणं, झोपेत थांबणं, त्यांच्या आईचं अंथरूण, सगळं तेच आहे. आमच्याकडे रुग्णांना पहिल्यांदा आणतात तेव्हा निम्म्यांच्या घरचे हेच सांगतात, की पितो. मी हे शंभरदा ऐकलंय आणि माझ्याच आतोबांच्या बाबतीत माझ्या डोक्यात आलं नाही.

आणि दादा. त्याच्यात ते आहे. आज त्याला काही होत नसेल, अजून काही वर्षं होणारही नाही कदाचित, पण येणार. औषध नाही. अर्जात दोन चौकोन असतात, काही आढळलं तर कळवा किंवा कळवू नका. त्याने माझ्यासमोर हसत "कळवू नका"वर खूण केली होती. मी म्हटलं, नीट वाच, तर म्हणाला, "माझे बाई, मला कळून काय करायचंय?" म्हणजे त्याला सांगायचा मला हक्क नाही. तुलाही नाही. मी नियम मोडला, कारण हे एकटीने पेलवेना. दादाला कळता कामा नये. तुझ्याकडे वचन मागते.

आमची तीन वर्षं फुकट गेली ती का, तेही कळलं. आजाऱ्याशी आम्ही आजाऱ्याचीच तुलना करत होतो. पण त्याचं आज मला काही वाटत नाहीये.

टिटवी

२३ जुलै

टिटवे,

हे पत्र दादाचं आहे. आईला अजून लिहिता-वाचता येत नाही. तिच्या डोळ्यावर पट्टी आहे. तिने तुला कळवलं होतं.

तुझं पत्र गुरुवारी आलं. माझी सुट्टी असते. आई पलंगावर बसली होती, म्हणाली, वाचून दाखव. मी पहिली ओळ मोठ्याने वाचली, "हे पत्र एकटीने वाच." आई खूप हसली. म्हणाली, "टिटवीचं कुठेतरी जमलेलं दिसतंय. वाच रे, तुझ्यापासून काय लपवायचं!"

मी वाचत गेलो. "आतोबा पीत नव्हते" इथे आलो तेव्हा पुढचं काहीतरी मनाने रचून सांगायला हवं होतं. मला रचता येत नाही. आयुष्यात एकच खोटं रचलंय आणि ते सांभाळता सांभाळता दमछाक झालीय. मी थांबलो. आई म्हणाली, "का थांबलास?" मी म्हणालो, अक्षर लागत नाही. ती म्हणाली, "तिचं अक्षर फक्त तुलाच लागतं." मग मी सगळं वाचलं. माझ्याबद्दलचंही. "दादाला कळता कामा नये" हे वाक्य मी माझ्या तोंडाने आईला वाचून दाखवलं.

आता ऐक. बाबांना दारू नव्हती हे मला एकोणीस वर्षं माहीत आहे. आईने त्यांना काढलं तेव्हा मी कामावर होतो. दोन दिवस शोधून ते बस स्टँडवर सापडले. कारखान्यातल्या एका बाईंच्या ओळखीने मी त्यांना गावाबाहेरच्या एका धर्मादाय रुग्णालयात ठेवलं. तिथल्या डॉक्टरांनी आठ दिवसांत आजाराचं नाव सांगितलं. मला बाजूला घेऊन हेही सांगितलं, की तुझ्यात असण्याची शक्यता अर्धी. मी त्याच दिवशी आईला आणायला निघालो होतो. बाबांनी माझा शर्ट धरला. त्यांना एक वाक्य बोलायला तोवर फार वेळ लागायचा. अख्खी दुपार लावून त्यांनी मला समजावलं. तिला कळलं तर ती नोकरी सोडून इथे येऊन बसेल. मी गेलो की मग तुझ्याकडे बघत बसेल, तुझ्या हातून चमचा पडला तरी तिचा जीव जाईल. त्यापेक्षा तिला माझा राग येऊ दे, रागावर ती चांगली जगेल. असं म्हणाले. मी पाच वर्षं दर गुरुवारी जायचो आणि घरी सांगायचो, सिनेमाला गेलो होतो. आई म्हणायची, एवढे सिनेमे निघतात तरी कुठे.

लग्न का केलं नाही ते आता तुला सांगायला नको.

अर्जात "दारू" लिहिलं ते बाबांना शब्द दिला होता म्हणून. आई समोरच बसली होती, तू आनंदात सुया मांडत होतीस, नाही म्हणायला कारण सुचेना. आणि खरं सांगतो, मनात आलं की अर्धी शक्यता निरोगी असण्याचीही आहे, आपण निरोगीच्या रांगेत बसून तर बघू. तुमची तीन वर्षं वाया गेली, त्याची तुझ्या सरांजवळ माझ्या वतीने माफी माग. त्या पेशी टाकू नका. ज्या रांगेत हव्यात तिथे ठेवा.

पण "कळवू नका"वरची खूण बाबांसाठी नव्हती, आईसाठी नव्हती, माझ्यासाठी होती. मला बाबांचं माहीत होतं, माझं नव्हतं. ते माहीत नसल्यामुळे मी रोज सकाळी उठून कात्री धरू शकत होतो. तुझ्यावर मी चिडलोय, टिटवे. फार चिडलोय. तू आईची पत्रं वाचलीस, पण त्यातला तेवढा आजारच वाचलास. पट्टीचं वाक्य तुला दिसलं नाही. पुढे कधीतरी माझा राग जाईल, आज गेलेला नाही.

पत्र वाचल्यावर चौथ्या दिवशी आईने रुग्णालयाचा पत्ता विचारला. ती जागा पाडून आता तिथे गोदाम झालंय, तेही मला सांगावं लागलं.

दादा

२९ जुलै

टिटवे,

काल पट्टी काढली. डॉक्टर म्हणाले दोन दिवस डोळ्याला ताण नको. ऐकलं नाही.

तुला एक खोटं लिहिलं होतं ते आधी सांगते. करायचं ते सगळं मी केलं, असं लिहिलं होतं. मी काही केलं नाही. ते गेल्याचा निरोप आला तेव्हा मी भाजी निवडत होते. पोराला म्हटलं, तू जा, मी येत नाही. तो एकटा गेला आणि एकटाच आला. मी त्याला वाढलं आणि शेजारच्या खोलीत रेडिओ लावला.

दादाला तुझा राग आलाय. मला आलेला नाही. यायला हवा होता, पण माझ्याकडचा राग मी आधीच सगळा वापरून टाकलाय, ज्या माणसावर वापरायला नको होता त्याच्यावर. घरात आता आम्ही दोघं एकमेकांशी फार नीट वागतो. ते मला सहन होत नाही. तो कपबशी माझ्याकडे पाठ करून विसळतो, मला त्याचे हात दिसू नयेत म्हणून. मी मुद्दाम दुसऱ्या खोलीत जाते.

आता जे विचारायला बसले ते विचारते. ज्या दिवशी त्यांना काढलं त्या दिवशी मी त्यांना एक बोलले. पोरगा नव्हता, आम्ही दोघंच होतो. ते दारात भिंतीला धरून उभे होते. काय बोलले ते मी लिहिणार नाही आणि तू आलीस तरी विचारायचं नाही. बायकोने नवऱ्याला, किंवा कुठल्याच माणसाने दुसऱ्या माणसाला म्हणू नये असं होतं ते. त्यांनी उत्तर दिलं नाही. तोंड वेडंवाकडं केलं. मला वाटलं, मला वेडावून दाखवताहेत. मी दार लावलं आणि कडी घातली.

ह्या सगळ्या वर्षांत ते वाक्य आठवलं की मी मनाची समजूत घालायचे, की जाऊ दे, प्यायलेले होते, शुद्धीत कुठे होते, कानावर गेलंही नसेल. आता तू म्हणतेस प्यायलेले नव्हते. तू ह्याच विषयात शिकलीस, माझ्या ओळखीत तुझ्याशिवाय दुसरं कुणी नाही. त्या आजारात माणसाला समोरच्याचं बोलणं समजतं का?

हो किंवा नाही, सरळ लिही. मला बरं वाटावं म्हणून काहीतरी लिहिशील तर मला ते कळेल. माणसांचं खोटं ऐकण्यातच माझी अख्खी नोकरी सरली. घरातलं तेवढं मला ऐकू आलं नाही.

आत्या

३ ऑगस्ट

आत्या,

तीन पत्रं लिहिली आणि फाडली. तिन्हींत मी वैद्यकीय भाषेत काहीबाही लिहिलं होतं, तू ते परत पाठवलं असतंस.

हो. समजतं. बोलणं जातं, चेहरा ताब्यात राहत नाही, उत्तर द्यायचं असलं तरी तोंड वाकडंतिकडं होतं आणि शब्द निघत नाही. पण समोरचा काय म्हणतोय ते त्यांना शेवटपर्यंत समजत असतं.

टिटवी